तेल खाणाऱ्यांचं पारणं

रनाळे,
९ जानेवारी २०२५

चि. फाल्गुनी,

जय जिनेंद्र. पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. पार्सलात पत्रासोबत मातीची पिशवी आहे. ती कुठल्या तीर्थाची नाही, पिशवी उघडलीस की वासावरून कळेल.

फोन का केला नाही, तर बाईला आता कमी ऐकू येतं, म्हणून दुकानातला फोन कायम स्पीकरवर असतो. तुला सांगितलेली गोष्ट बाईच्या, खुद्द आपल्या आईच्या, आधी युरियाच्या रांगेला कळते. शिवाय फोनवर तू हसतेस. कागदावर हसलीस तर निदान मला ऐकू येणार नाही.

डिसेंबरात मी सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली, हे बाईने सांगितलंच असेल. खत-बियाण्याच्या दुकानदाराला घोडी कशाला, हे मला सगळ्या रनाळ्याने विचारून झालंय. मी गेलो होतो जिलेबी खायला. घोडेवाला म्हणाला, "शेठ, नुसते बसून तर बघा." बसलो. चार ओळखीच्या लोकांनी बघितलं. मग तसंच उतरायची लाज वाटली आणि मी ती विकत घेऊन टाकली.

गेल्या आठवड्यात तिला गोदामामागे बांधली. खुंटा ठोकायचा कंटाळा, म्हणून डिझेलची दोन पिंपं ज्या लाकडी माचावर होती त्याच्या पायाला बांधली. तेवढ्यात शाळेत सव्वीस जानेवारीच्या लेझमीचा ढोल सुरू झाला आणि घोडी नाचायला लागली. नाचरी आहे हे घोडेवाल्याने सांगितलं होतं, त्याचं तेवढं एकच खरं निघालं. माच कोसळला, पिंपं बांधावरून घरंगळत भिला आप्पांच्या वावरात गेली आणि तिथे फुटली.

तेही नेमकं कोपऱ्यात. आप्पा बियाण्याची मिरची राखतात तो कोपरा तुला आठवत असेल. साऱ्या गावाने माझ्याकडून पाकिटातलं बी नेलं, पण आप्पांनी बाबूजी असतानाही कधी नेलं नाही. त्यांचं बी त्या कोपऱ्यातलंच. आता तिथली झाडं करपलीत आणि माती काळी पडलीय.

मी भुसा टाकून वरचं डिझेल टिपत होतो तेव्हा आप्पा आले. भरपाईचं बोलायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "माले काई नको. वावर पहिलेसारखं करी दे. आखाजीलगून वास गया नई, तर तठे मुरूम टाकी खळं करसू." अक्षय तृतीयेपर्यंतची ही मुदत देऊन ते घोडीकडे बघून म्हणाले, "नई तर हाई वावर तिलेच दी टाक."

तेव्हापासून ते दुकानात आले नाहीत. बाबूजी गेल्यावर मी दुकान उघडायला घाबरत होतो, तेव्हा कुलूप काढायला आप्पाच बरोबर आले होते. त्यानंतर रोज सकाळी त्यांची खुर्ची, पेपर, चहा आणि मी धंदा कसा करू नये यावर प्रवचन. आता खुर्ची रिकामी असते आणि पेपर मी वाचतो. मला फार वाईट वाटतंय, फाल्गुनी.

बाई सगळ्यांना सांगते, पोरगी बडोद्याला किड्यांना तेल खाऊ घालते. त्यातले थोडे किडे इकडे धाड.

तुझा
महावीर

---

बडोदे,
१८ जानेवारी २०२५

महावीरभाई,

जय जिनेंद्र. हसले. प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर हसले, त्यामुळे आता इथेही तुझी घोडी सगळ्यांना माहीत झाली आहे.

किडे धाडायची गरज नाही. डिझेल खाणारे जिवाणू आप्पांच्या मातीत आधीपासून आहेत. थोडे आहेत, पण आहेत. आपण त्यांना फक्त नीट जेवायला बसवायचं. त्यांच्या अडचणी दोन. एक म्हणजे ते राहतात ओलाव्यात आणि तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणजे ताट समोर आहे आणि हात पोचत नाही. त्यासाठी साबणासारखं काहीतरी लागतं, ज्याने तेलाचे बारीक बारीक थेंब होतील. आम्ही त्याला सर्फॅक्टंट म्हणतो, तू साबण समज. दुसरं म्हणजे डिझेल ही नुसती कोरडी भाकरी. तिच्यासोबत डाळ हवी, म्हणजे नत्र आणि स्फुरद. युरिया आणि सुपर फॉस्फेट तुझ्या दुकानातच आहे. बाकी माती अधूनमधून उलटीपालटी कर, हवा लागू दे, ओल राख.

मात्रा वेगळ्या कागदावर लिहिली आहे. हात आखडता ठेव. लहानपणी मोगरा लवकर फुलावा म्हणून तू त्याला ओंजळभर युरिया घातला होतास. त्या मोगऱ्याची आठवण ठेवूनच काम कर.

एक खरं सांगते. इतकी वर्षं मी हे सगळं काचेच्या बाटल्यांत केलंय. बाटलीला बांध नसतो आणि बाटलीला आप्पा नसतात. उघड्या वावरात माझंही हे पहिलंच आहे, पण आप्पांना तसं सांगू नकोस.

फाल्गुनी

---

रनाळे,
५ फेब्रुवारी २०२५

चि. फाल्गुनी,

तुझा मात्रेचा कागद मी जपून शर्टाच्या खिशात ठेवला होता. शर्ट धुवायला गेला. धुण्याच्या पावडरीने काय काय विरघळतं याचा पुरावा मला तिथेच मिळाला, पण मी शहाणा झालो नाही.

पुन्हा विचारलं तर तू मोगऱ्यावरून बोलशील, म्हणून अंदाजाने घेतलं. धुण्याची पावडर बादलीत कालवली, कोपऱ्यात ओतली, थोडी वाटली म्हणून आणखी एक बादली ओतली, आणि वर मोटारीचा पाइप लावला. पाण्याला जोर होता. फेस आधी गुडघ्याएवढा झाला, मग बांध ओलांडून रस्त्यावर आला. नंदुरबारची एसटी थांबली. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "शेठ, घोडीले आंघोळ घाली ऱ्हायनात का?" शाळा सुटली होती, त्यामुळे फेसाला गिऱ्हाइकांची कमी पडली नाही.

आप्पा पलीकडे उभे होते. फेस चपलेला लागला तसे पाठ फिरवून घरी गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता सांग, पुढे काय करू?

महावीर

---

बडोदे,
१२ फेब्रुवारी २०२५

महावीरभाई,

आधी पाइप बंद कर. जिवाणूंचं अंगही तेलकट पापुद्र्याचंच असतं. साबण जास्त झाला की तेलाआधी तेच विरघळतात, आणि सुटं झालेलं तेल खाली झिरपतं. पाहुण्यांना जेवायला बोलावून तू त्यांना गरम पाण्याच्या हौदात ढकललंस.

पंधरा दिवस माती नुसती उकरून ठेव, फेस मरू दे. मग बाईच्या न्हाण्याच्या डब्यातला रिठा घे. रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पातळ पाणी झारीने शिंपड, पाइपने नाही. तेही सर्फॅक्टंटच, पण सौम्य. युरिया किती ते पुन्हा लिहिते, या वेळी पत्राच्या पाठीवरच. हे पत्र खिशात ठेवू नकोस.

फाल्गुनी

---

रनाळे,
२० मार्च २०२५

चि. फाल्गुनी,

मी सुधारलोय. मोजून युरिया, मोजून सुपर फॉस्फेट, रिठ्याचं पाणी झारीने. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी कुदळीने कोपरा खालीवर करतो. हाताला फोड आलेत आणि पँट सैल झालीय. गिऱ्हाईक विचारतं, शेठ आजारी का. आजवर खत विकलं पण टाकलं कधी नव्हतं, हे मला पन्नाशीत कळतंय.

पण वास तसाच आहे. थंडी गेली, ऊन वाढलं, तू म्हणाली होतीस की उन्हाने काम भरभर होईल. मला तर काही दिसत नाही. आखाजीला महिना-सव्वा महिनाच उरलाय. काल आप्पा बांधावरून गेले, मी हाक मारली, "आप्पा, चहा?" ते म्हणाले, "वावरले पाज." आणि गेले.

नवी माती सोबत पाठवतोय. बाई मजेत आहे. गुडघ्यांना बरं म्हणून हल्ली सकाळी बांधावर चालायला जाते. मुंग्यांना घालायचा पिठाचा डबा हातात असतोच, तिचं ते नेहमीचं.

महावीर

---

बडोदे,
२ एप्रिल २०२५

महावीरभाई,

कमाल आहे. तुझ्या मातीत जिवाणू इतके वाढलेत की मी तीनदा मोजले. बाटलीत सगळे लाड पुरवूनही मला कधी एवढे दिसले नव्हते. सोमवारच्या बैठकीत मी साहेबांसमोर सांगून मोकळी झाले, की रनाळ्याच्या मातीतली ही जात वेगळीच दिसते आहे. "रनाळे जात" असं नावही मी ठेवून टाकलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या पडल्यावर तेलाचा आकडा आला. तेल होतं तेवढंच आहे, जेमतेम चिमूटभर कमी. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुमची ही रनाळे जात नेमकं काय खाते?"

मला माहीत नाही. एवढे जीव हवा खाऊन वाढत नाहीत. त्यांना तेलापेक्षा बरं काहीतरी मिळतंय. भुसा राहिलाय का? घोडी तिथे जाते का? कोणी उष्टं-खरकटं टाकतं का? नीट बघ आणि लगेच कळव. इथे माझी फार शोभा झाली आहे.

फाल्गुनी

---

रनाळे,
९ एप्रिल २०२५

चि. फाल्गुनी,

तुझ्या रनाळे जातीचा अन्नदाता सापडला.

मी घोडीवर संशय घेतला, तिची बिचारीची माफी मागायची आहे. मग बकऱ्यांवर घेतला. शेवटी आज उजाडताच गोदामाच्या भिंतीआड उभा राहिलो. बांधावरून बाई आली. बाभळीखालच्या मुंग्यांना चिमूटभर घालून ती सरळ कोपऱ्यात उतरली. डब्यातून ओंजळ ओंजळ पीठ आणि साखर काढून सगळ्या कोपऱ्यात पेरली, वर पदराने वारा घालून सारखी केली, आणि हात जोडले. मी रोज जी माती खालीवर करत होतो, ती चांगली शिऱ्याची कणीक होती.

मी समोर गेलो. भांडायचं असलं की बाई मारवाडी सोडून अहिराणीत येते, हे तुला ठाऊक आहे.

"काय करी ऱ्हायनी तू, बाई?"

"दखास नई का? जीवसले घास टाकी ऱ्हायनू."

मी म्हटलं, कोणाचे जीव? तर म्हणाली, "फाल्गुनीनी सांगं माले. लाखो जीव शेतस म्हने आठे. तेल काय खावानी चीज शे? तुम्ही दोन्ही भाऊबहिणी त्यासले डिझेल पाजी ऱ्हायनात. मी दोन घास पीठ टाकं, ते काय पाप व्हयनं?"

दुकानातल्या कीड मारायच्या औषधांच्या कपाटाकडे पाठ करून बसणारी ही बाई. त्या कपाटातून मी काय विकतो, हे आजवर ती एका शब्दाने बोललेली नाही. वर तिची चैत्राची ओळी, ते नऊ दिवसांचं व्रत, चालू आहे. स्वतः दिवसातून एकदा, तेल-तूप-साखर काही नसलेलं आयंबिलाचं उकडलेलं खाते, आणि घरातली साखर जिवाणूंना घालते. तिला थांब म्हणून सांगायचं कोणत्या तोंडाने?

आणि तू तिला कधी सांगितलंस?

महावीर

---

बडोदे,
१४ एप्रिल २०२५

महावीरभाई,

गुन्हा माझा आहे. जानेवारीत बाईने फोनवर विचारलं, महावीर मातीत काय कालवतो. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, मूठभर मातीत रनाळ्याच्या माणसांपेक्षा जास्त जीव आहेत आणि ते तेल खातात. ती म्हणाली, त्यांना पचतं का? मी हसले आणि "पचवतात बिचारे" म्हणाले. तिने "बिचारे" तेवढं लक्षात ठेवलं. पुस्तकात हे सगळं आहे, सोपं अन्न मिळालं की जिवाणू तेलाकडे बघतसुद्धा नाहीत. ताटात शिरा असताना कारल्याला हात कोण लावतो? मी हे शिकवते आणि मलाच सुचलं नाही. साहेबांना मी खरं कारण सांगितलं. ते इतके हसले की आता मला तुझी बाजू कळते.

बाईला "थांब" म्हणू नकोस. असं सांग, की त्या जीवांचंही आयंबिल चालू आहे. म्हणावं, बाई, तू तेल सोडून बाकी साधं खातेस, ते बाकी सगळं सोडून तेल खातात. तू साखर घालून त्यांचं व्रत मोडतेस. दुसऱ्याचं व्रत मोडण्याचं पाप बाई डोक्यावर घेणार नाही. आणि हे अगदीच खोटंही नाही.

फाल्गुनी

---

रनाळे,
३ मे २०२५

चि. फाल्गुनी,

व्रताचं ऐकून बाईने डबा तिथेच खाली ठेवला. चेहरा पडला तिचा. हाताचं पीठ पदराला पुसत म्हणाली, "आयंबिल ते नऊ दिननं ऱ्हास. त्यासनं पारणं कवय?" मी म्हटलं, तेल संपलं की. तर म्हणाली, "आणि तेल सरी गयं मंग त्या काय खातीन?" तू शास्त्रज्ञ आहेस, तूच उत्तर दे. मी घोडीला पाणी पाजायच्या निमित्ताने पळून गेलो.

पीठ बंद झाल्यापासून वास खरंच उतरतोय. पण आखाजी काही आपल्यासाठी थांबत नाही. बुधवारी आप्पा आले, कोपऱ्यातली मूठभर माती घेतली, नाकाला लावली. वास होता, कमी होता पण होता. मुरमाचा ट्रॅक्टर त्यांनी सांगूनच ठेवला होता. मी कुदळ धरून उभा राहिलो.

बाई बोलली. पन्नास वर्षांत आप्पांकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं. पदर सावरून बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "भिला भाऊ, चूक मन्ही व्हयनी. मी त्यासनं व्रत मोडं. पोऱ्याना दोष नई. पारणं व्हवू द्या, मंग मुरूम टाका." आप्पांना व्रताचं काही कळलं नाही, पण बाई हात जोडून उभी आहे, हे कळलं. त्यांनी ट्रॅक्टर परत पाठवला. म्हणाले, मिरग निघेपर्यंत, पाऊस लागेपर्यंत थांबतो.

चूक माझी होती, पिंपं माझी, घोडी माझी, आणि हात जोडले बाईने.

महावीर

---

बडोदे,
१ जून २०२५

महावीरभाई,

परवाच्या मातीत तेल चौथ्या हिश्शावर आलंय. आकड्यांवर आता माझा विश्वास आहे, पण आप्पांचा बसायचा नाही. म्हणून तू असं कर. कोपऱ्यात मूठभर मूग पेर, आणि तेवढेच बांधापलीकडच्या चांगल्या मातीत पेर. दोन्हीकडे सारखे उगवले तर आप्पांना बोलाव. मूग मोजून पेर, ओंजळीने नको.

बाईच्या प्रश्नाचं उत्तर मी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. तेल संपलं की ते जीव कमी होतात, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ मी बाईला कशी सांगू?

फाल्गुनी

---

रनाळे,
२९ ऑगस्ट २०२५

चि. फाल्गुनी,

मूग दोन्हीकडे सारखे उगवले, हे फोनवर सांगितलंच होतं. ते बघून आप्पांनी जुलैत कोपऱ्यात आपली रोपं लावली. पण खुर्चीवर आले नाहीत. मी एकदा घरी गेलो, तर म्हणाले, "वावरनं मिटनं, महावीर. मन्हं आजून मिटनं नई." मी परत आलो, आणि ते काही फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. काल संवत्सरी झाली. त्यानंतर जे घडलं ते लिहायला पुन्हा कागद घेतला.

दरवर्षी संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं की बाई दुकानात उभी राहून येईल त्याला हात जोडते, मिच्छामि दुक्कडम्, काही दुखावलं असेल तर क्षमा. या वर्षी आज सकाळी ती आधी बांधावर गेली. मी मागोमाग. आप्पा मिरची निंदत होते. झाडं गुडघ्याला लागलीत, फुलं आहेत, खाली हिरव्या मिरच्याही लागल्यात. बाईने हात जोडले. आप्पांना वाटलं त्यांनाच, त्यांनी खुरपं टाकून घाईघाईने हात जोडले. पण बाई मातीकडे बघत होती.

"मिच्छामि दुक्कडम्," ती म्हणाली. "मी पहिले तुमनं व्रत मोडं. मंग तुमले भूक्यं ठेवं. तेल सरी गयं, आते तुमनाकडे काई नई. क्षमा करा." आणि तिचे डोळे भरून आले. मी आप्पांकडे बघायचं टाळलं, कारण माझेही भरले होते.

आप्पांनी जोडलेले हात सोडले आणि खुरपं उचललं. मग माझ्याकडे न बघता बाईला म्हणाले, "भाभी, तुमना जीवसले मी भूक्या ठेवाव नई. त्यासनं पारणं मन्हाकडे. तुमनी घोडीनी लीद धाडा, कुजाडी वावरमा टाकसू. दरसाल टाकसू." बाई म्हणाली, "त्यासले चाली का ते?" आप्पा म्हणाले, "पीठपेक्षा बरं चाली."

म्हणजे फाल्गुनी, तुला दोनदा फाडावं लागलेलं उत्तर आप्पांनी एका दमात दिलं. तेल पिणारे कमी होतील, पण मातीतल्या बाकीच्यांचं जेवण चालू राहील, असंच ना ते? बाईला तेवढं पुरलं. घरी येऊन तिने खीर केली.

दुपारी आप्पा लीद न्यायला पाटी घेऊन स्वतः आले. घोडी त्यांना बघून नाचली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार. मी पाटी भरून दिली. संवत्सरीचं मला बोलायचं होतं, सकाळपासून तोंडात घोळवत होतो. "आप्पा, मिच्छामि..." एवढंच म्हणून मी खाली सांडलेली लीद गोळा करायला लागलो. आप्पांनी पाटी खाली ठेवली, दुकानात शिरून खुर्चीवरची धूळ उपरण्याने झटकली, बसले, आणि पेपर मागितला. जानेवारीपासूनचे सगळे पेपर मी ठेवले होते, तो गठ्ठा समोर ठेवला. त्यांनी सगळ्यात वरचा उचलला आणि म्हणाले, "चहा सांग."

मी सांगितला, आणि साखर जास्त टाकायला लावली. आप्पांनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कपात डोकावून बघितलं.

"महावीर," ते म्हणाले, "तू काई सुधराव नई." आणि त्यांनी चहा संपवला.

तुझा
महावीर